पायवाट नकाशात, ऊस रानात
गावनकाशावर तुटक एकेरी रेषेने दाखवलेला, ८.२५ फूट रुंदीचा पायमार्ग शोधायला जावे, तर तिथे ऊस उभा असतो आणि उरलेल्या हातभर बांधावर बाभळीच्या काट्या टाकलेल्या असतात, याचा आता वीट आला आहे. दरवर्षी नांगर एकेक तास, म्हणजे नांगरटीची एक ओळ, आत सरकतो आणि काही वर्षांनी तोच शेतकरी ‘इथे वाट कधी नव्हतीच’ असे छातीठोकपणे सांगतो. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ नुसार अडवलेली वहिवाटीची वाट तहसीलदार मोकळी करून देऊ शकतात. मात्र दावा वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो आणि ते सहा महिने ‘आपसांत मिटवा, भाऊबंदकीत कोर्टकचेरी कशाला’ या गोड सल्ल्यातच सरतात. गाडीरस्ता अडला तर निदान ट्रॅक्टरवाले ओरडतात. डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन चालणाऱ्या बाईची आणि चिखल तुडवत शाळेत जाणाऱ्या पोरांची तक्रार मात्र कोणी कागदावरही घेत नाही. मोजणीची तारीख ठरलीच, तर ‘पीक उभे आहे, तोडणीनंतर बघू’ असे उत्तर तयार असते, आणि तोडणी झाली की खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस, असतोच.