परदेशातून: टाळ्या वाजवणारे लई, नटबोल्ट बघणारा कोण?

फुलसावंगीचा तो व्हिडिओ परवा परत आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या ग्रुपवर आला. ऑगस्ट २०२१, यवतमाळ जिल्हा, वेल्डिंगचं काम करणारा २४ वर्षांचा पोरगा, स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना मागचा पंखा तुटला, तो वरच्या मोठ्या पंख्यावर आदळला आणि पातं पोराच्या डोक्याला लागलं. संपलं. हेलिकॉप्टर धड उडालंही नव्हतं.

खाली ठरलेली कमेंट, "अमेरिकेत असता तर डोक्यावर घेतलं असतं." मग महाराष्ट्रानं त्याला काय दिलं, कर्नाटक तरी आपल्याला काय देतंय, आणि बघता बघता गाडी सीमाप्रश्नावर. अरे विमानाची परवानगी दिल्लीतलं डीजीसीए, म्हणजे केंद्राचं विमान खातं देतं की ओ, त्यात मुंबई-बंगळूर कुठं आलं!

मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो. इथल्या ऑशकॉशला दर जुलैला हौशी विमानवाल्यांची जत्रा भरते, घरी बनवलेली विमानं घेऊन लोक कुठून कुठून येतात. म्हणजे परवानगी आहे, ते खरं. पण निम्म्याहून जास्त काम तुम्ही स्वतः केलंय हे दाखवावं लागतं, मशीनची तपासणी होते, आत 'एक्सपेरिमेंटल' असं मोठ्या अक्षरात लिहावं लागतं आणि सुरुवातीचे तास, सहसा ४० पर्यंत, वस्तीपासून लांब ठरवून दिलेल्या भागातच उडवायचं, हौसेनं बायकोपोरांना बसवायचं नाही. शिवाय हौशी लोकांच्या संघटनेचे जाणकार सभासद मधनं मधनं येऊन काम बघून जातात, आणि खरी मदत मला तीच वाटते. पोलिसी नव्हे, कौतुकपण नव्हे, "हा बोल्ट परत उघड" म्हणणारा माणूस.

तरी इथं सगळं गोड आहे असं समजू नका. ११५ किलोच्या आतलं एकट्याचं अल्ट्रालाइट, म्हणजे एकदम हलकं विमान, इथं लायसन्सशिवाय उडवता येतं, आणि मला ते पटत नाही. नव्वदच्या दशकात मिझुरीतल्या एका कंपनीनं मिनी-५०० नावाचं हेलिकॉप्टर किटमध्ये शेकड्यांनी विकलं, अपघात होत राहिले, माणसं गेली, १९९९ ला कंपनी बंद. म्हणजे अमेरिकेत असता तर वाचलाच असता, असं कुणी सांगू शकत नाही.

कारण हेलिकॉप्टर म्हणजे पंख लावलेली मोटारसायकल नव्हे. साधा हिशोब करा, दहा किलोचं पातं, त्याचं वजन मधोमध दीड मीटरवर धरा, मिनिटाला ५०० फेरे, तर मुळाशी ओढ चार टनांच्या वर जाते. वर प्रत्येक फेऱ्याला पातं थोडं वाकतं-सरळ होतं, म्हणजे तासाला ३० हजार वेळा. साध्या लोखंडी (एमएस) पाइपच्या वेल्डिंगला अशानं बारीक तडा जातो, तो डोळ्याला दिसत नाही, आणि कालपर्यंत व्यवस्थित चाललं होतं याला काही अर्थ राहत नाही. इंजिन बंद पडलं तर विमान निदान तरंगत खाली येतं. हेलिकॉप्टरमध्ये पात्यांचा कोन लगेच, एखाद-दोन सेकंदात, कमी करावा लागतो, नाहीतर पात्यांचे फेरे कमी होत जातात आणि मग काही हातात उरत नाही. "मी फक्त पन्नास फुटांवरच उडवणार" म्हणणाऱ्याला हे माहीतच नसतं की एका जागी तरंगताना तीच उंची वाईट, सावरायला ना वेग ना वेळ.

मला राग कशाचा येतो सांगू? हे सगळं कळणारी माणसं बेळगावातच आहेत. जिल्ह्यातल्या हत्तरगीला एअरबस विमानांचे पार्ट बनतात, तिथं प्रत्येक तुकड्याचं मटेरियल कुठून आलं याचा कागद लागतो. उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, फाउंड्री आहेत, हीट ट्रीटमेंटवाले आहेत, डीपी टेस्ट करून, म्हणजे रंग लावून, तडा शोधणारे आहेत, बॅलन्सिंगवाले आहेत. दिवसभर मायक्रॉनवरून जॉब रिजेक्ट करणारा माणूस संध्याकाळी भंगारातल्या शाफ्टवर फिरणाऱ्या पंख्याला फेसबुकवर 'अभिमान वाटतो' लिहितो, हे कसं काय?

बंदी घाला म्हणणारेही मला नको वाटतात, जप्ती आली की पोरं रात्री शेतात जाऊन चालू करतील. मुंबईत गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव स्वतः पायलट, तरी नोंदणीला २०१७ उजाडलं, तेव्हा डीजीसीएनं हौशी लोकांसाठी वाट सोपी करावी ही मागणी रास्तच आहे. पण तोवर आपल्याकडं कुणी असं काही बांधत असेल तर सत्कार, शाल, नारळ जरा राहू दे. उद्यमबागेतला एखादा रिटायर्ड फोरमन रविवारी घेऊन जावा, आणि तो नाही म्हणाला तर बॅटरीची वायर काढून ठेवावी, पोरगं चिडलं तरी चालंल.