नाटक शाळेत येऊ दे, पैसे मुलांकडून नकोत

गोव्यातल्या शाळांत बाहेरून येणाऱ्या नाटकांवरून माझ्या घरच्या मंडळींत आणि त्यांच्या ओळखीच्या शिक्षकांत सध्या वाद चालला आहे. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत राहून तो मी फोनवर ऐकते. एखादी मंडळी येते, रस्ता सुरक्षा, मोबाइलचं व्यसन किंवा प्लास्टिक यावर तासाभराचं नाटक करते, मुलामागे ठरलेले रुपये घेते आणि पुढच्या शाळेकडे निघते. एका पक्षाच्या मते यात अभ्यासाचा वेळ जातो. दुसरा विचारतो, पैसे कोणी द्यायचे? तिसऱ्याचा प्रश्न भाषेचा. सत्तरी तालुक्यात शिकवणारी माझी वहिनी पहिल्या पक्षातली. ती म्हणते, “नाटक बरें गो, पूण पोर्शन कोण सोंपयतलो?” म्हणजे, अभ्यासक्रम कोण संपवणार?

तिची अडचण खरी आहे. २०२५ पासून गोव्यात वरच्या इयत्तांचं वर्ष एप्रिलच्या उकाड्यातच सुरू होऊ लागलं, तरी शिक्षकांच्या हाताशी वेळ उरत नाही. तरीही माझं मत ठाम आहे: नाटक शाळेत यायलाच हवं. फक्त आज येतं तसं नको.

हे मी ज्या शहरातून लिहिते आहे, तिथेच ‘थिएटर इन एज्युकेशन’ची, म्हणजे शिक्षणनाट्याची, सुरुवात झाली. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत कॉव्हेंट्रीचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला. शहर पुन्हा उभं राहताना १९५८ मध्ये इथे बेलग्रेड थिएटर बांधलं गेलं. बेलग्रेड शहराने त्यासाठी लाकूड भेट दिलं, म्हणून हे नाव. १९६५ मध्ये त्या नाट्यगृहाने शाळांसाठी वेगळा चमू तयार केला. त्यातली माणसं नट होती आणि शिक्षकही. ती एका वेळी एक-दोन वर्गांसोबतच काम करायची. गोष्ट अर्ध्यावर आली की मुलं त्यात शिरायची, पात्रांना जाब विचारायची, पुढे काय करायचं ते आपसांत भांडून ठरवायची. वर्गशिक्षकाला विषय आधीच कळवलेला असे आणि चमू निघून गेल्यावर तोच धागा वर्गात पुढे चाले. शाळेला खर्च नव्हता, तो नाट्यगृह आणि नगरपालिका उचलत. बघता बघता बोल्टन, लीड्स, ग्रीनिच इथेही असे चमू उभे राहिले.

ते मोडलं कसं, हे गोव्यातल्या दुसऱ्या पक्षाने नीट पाहावं असं मला वाटतं. १९८८ च्या शिक्षण कायद्याने इंग्लंडमध्ये बराचसा पैसा थेट शाळांच्या हाती दिला. ऐकायला हे फार छान वाटतं: शाळेला कळतं तिला काय हवं, तिनेच ठरवावं. प्रत्यक्षात मुख्याध्यापकांसमोर एका बाजूला गळणारं छप्पर आणि रजेवरच्या शिक्षकाच्या जागी माणूस, आणि दुसऱ्या बाजूला नाटक, अशी निवड आली. नाटक हरलं. नव्वदच्या दशकात एकामागून एक चमू बंद पडले, त्यांत खुद्द बेलग्रेडचाही होता. आपल्याकडे कोणी “शाळांनाच ठरवू द्या, ज्याला परवडेल तो बोलावील” असं म्हणालं की मला हे आठवतं. परवडणाऱ्या शाळा कोणत्या, हे म्हापसा-मडगावात राहणाऱ्यालाही ठाऊक आहे आणि केरी-सत्तरीतल्यालाही.

आता इथे कॉव्हेंट्रीत काय येतं ते मी जवळून बघते, कारण मी एका प्राथमिक शाळेत मदतनीस आहे. सकाळी एक गाडी येते, दोन नट उतरतात, हॉलमध्ये पडदा उभारतात. शाळेतली सगळी मुलं मांडी घालून जमिनीवर बसतात. नट मेहनती असतात, मुलं हसतात, घोषवाक्य तीनदा म्हणतात. मग शेवटी घाईघाईत दोन-चार प्रश्न, कारण त्याच हॉलमध्ये जेवणाची टेबलं लावायची असतात आणि नटांना दुपारी दुसरी शाळा गाठायची असते. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यावर कोणी बोलत नाही. म्हणजे आपल्याकडे ज्याची तक्रार होते, जवळजवळ तेच.

पण एक गोष्ट इथे चोख आहे. शाळेच्या वेळात जे होतं त्यासाठी सरकारी शाळेला पालकांकडून सक्तीने पैसे घेता येत नाहीत, कायदाच तसा आहे. मागायचे तर स्वेच्छेने द्या म्हणून मागायचे, आणि ज्याने दिले नाहीत त्याच्या मुलाला त्यामुळे बाहेर ठेवायचं नाही. माझ्या भाचीच्या शाळेत, तिकडे गोव्यात, पैसे न आणलेल्या मुलांना नाटक चालू असताना वर्गात बसवून शुद्धलेखन दिलं गेलं. भिंतीपलीकडून हशा ऐकू येत होता, असं ती म्हणाली. नाटकाने त्या मुलांना काय शिकवलं? हे मला सहन होत नाही, आणि या एका मुद्द्यावर मी कोणतीच तडजोड ऐकून घेणार नाही.

गोव्यात माणसांची वाण आहे का? मुळीच नाही. जत्रेला, उत्सवाला गावकऱ्यांनीच मराठी नाटक बसवायचं ही आपल्याकडची जुनी रीत. दिवसा फळ्यापुढे उभे राहणारे मास्तर रात्री देवळाच्या मांडवात रंग लावून उभे, हे आपण लहानपणापासून पाहिलं. कला अकादमीच्या नाट्यविद्यालयातून शिकलेले तरुण आहेत, अनेक माध्यमिक शाळांत नाट्यशिक्षक आहेत. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा शिक्षणनाट्याचा वेगळा चमू दिल्लीत १९८९ पासून चालू आहे, म्हणजे नमुन्यासाठी विलायतेकडे बघायचीही गरज नाही. उणीव आहे ती या सगळ्यांना वर्षभराचा पगार, एक गाडी आणि शाळांचं ठरलेलं वेळापत्रक देणाऱ्याची.

आणि विषय! जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतल्या गोळावली भागात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले. गुरं मारली गेलेल्या घराचा राग, भरपाईसाठी घालावे लागणारे खेटे, वनखात्याचा पहारा, पुढे व्याघ्र प्रकल्पावरून तापलेलं राजकारण. वाळपईच्या आठवीच्या वर्गासमोर ही गोष्ट मांडा आणि विष कालवायच्या क्षणी थांबवा. घरातला मुलगा ते पाहतोय, त्याने आता काय करावं? “वाघ वाचवा” हे घोषवाक्य ज्या मुलाला पटत नाही, त्याला इथे तोंड उघडता येईल. पर्यावरण, नागरिकशास्त्र, निबंध, हे सगळं वहिनीच्या पोर्शनमध्येच आहे की. खाणी बंद पडलेल्या गावांत अशीच दुसरी गोष्ट करता येईल.

भाषेबद्दल थोडक्यात. गोव्यात माध्यमाचा वाद कित्येक वर्षं धुमसतो आहे आणि नाटकाने तो सोडवायचा नाही. सत्तरीच्या त्या वर्गात मुलं घरी कोंकणी बोलतात, मराठी वाचतात, काहींच्या घरी कन्नड असते. नटाने वर्ग पाहून बोलावं. जत्रेतला विनोदी नट हे आजही सहज करतो.

सरकारी पैसा आला की सरकारी जाहिरात येते, ही भीती माझ्या भावाने बोलून दाखवली आणि ती रास्त आहे. म्हणून संहिता निवडण्याचा हक्क सरकारी खात्याकडे नसावा, तो शिक्षक आणि रंगकर्मींच्या लहानशा समितीकडे असावा, आणि पैसा किमान तीन वर्षांसाठी बांधलेला असावा. एका वर्षाच्या अनुदानावर जगणारी मंडळी पुढच्या वर्षासाठी मान तुकवते.

पुढच्या शैक्षणिक वर्षाचं वेळापत्रक आखताना दोन चमूंपासून सुरुवात करता येईल, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. एका वेळी एक किंवा दोन वर्ग, मुलांकडून एक पैसाही नाही, आणि नाटकानंतरच्या आठवड्यात वर्गशिक्षकासाठी दोन तासिका राखून ठेवलेल्या. पहिले प्रयोग पणजीत नकोत, सत्तरी आणि काणकोणात व्हावेत.