‘एज्युकेशन’ एकटा नाही, आणि मोजत गेलात तर ‘सी’ पण सापडतो

तो ‘इंग्रजीची गंमत’वाला मेसेज आमच्या गुहागर-चिपळूणकडच्या ग्रुपांवर परत फिरायला लागलाय. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी, त्यात चार गोष्टी आहेत. ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर असलेला ‘एज्युकेशन’ हा इंग्रजीतला एकमेव शब्द. कीबोर्डच्या फक्त वरच्या ओळीतून टाईप होणारा सगळ्यात लांब शब्द ‘टाइपरायटर’. ४५ अक्षरांचं ते ‘न्यूमोनोअल्ट्रा...’ म्हणजे डॉक्टर लोक वापरतात ते आजाराचं नाव. आणि इंग्रजीत कितीही आकडे मोजा, स्पेलिंगमध्ये ‘सी’ कुठेच येत नाही. एरवी मी असल्या फॉरवर्डला अंगठा देऊन सुटतो, पण यंदा गणपतीत मंडळाच्या प्रश्नमंजुषेत हेच विचारणारेत असं कळलं, आणि तिथे समोर चाकरमान्यांची पोरं मोबाईल घेऊनच बसलेली असतात, म्हणून आधीच लिहितोय.

‘एज्युकेशन’ला खोटं पाडायला डिक्शनरी पण नको. सीआरझेड म्हणजे काय? कोस्टल रेग्युलेशन झोन. आता रेग्युलेशनचं स्पेलिंग घाला, आर-ई-जी-यू-एल-ए-टी-आय-ओ-एन, झाले की पाच स्वर आणि तेही प्रत्येकी एकदाच. १९९१ च्या नोटिफिकेशनपासून किनाऱ्यावरची माणसं हा शब्द ऐकून कंटाळलीत आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही. रेप्युटेशन घ्या, इक्वेशन घ्या, हायवेलगतच्या जमिनींवर चालतं ते स्पेक्युलेशन घ्या. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाच्या आधी किनाऱ्यावरच्या लोकांना हलवलं ते इव्हॅक्युएशन पण बसतं, फक्त त्यात ‘ए’ दोनदा आहे.

आणि हे नशिबाने होत नाही हां. शेवटाला ए-टी-आय-ओ-एन अशी शेपटी असली की ए, आय आणि ओ फुकटात मिळतात, मग पुढच्या भागात एक ‘ई’ आणि एक ‘यू’ मिळाला की काम झालं. एज्युकेशन स्वतः तसंच बनलंय, त्यात त्याचं काही वेगळं कर्तृत्व नाही. ही शेपटी नसलेले पण भरपूर आहेत, कॉलीफ्लॉवर बघा, बिहेवियर बघा (आपल्याकडे शिकवतात ते ब्रिटिश, यू-वालं स्पेलिंग), आणि सेक्वोया नावाचं ते अमेरिकेतलं राक्षसी झाड, त्याचं नाव तर ७ अक्षरांतच पाचही स्वर उरकतं. काही मेसेजमध्ये हुशारी करून ‘क्रमाने पाच स्वर असलेला एकमेव शब्द फसीशियस’ असं टाकतात. तेही चूक, ॲबस्टीमियस पण क्रमानेच आहे. दोघांच्या शेवटी आय-ओ-यू-एस, म्हणजे तीन स्वर आयते रांगेत उभे, पुढे ‘ए’ आणि मग ‘ई’ आला की झालं.

टाइपरायटरवर जास्त वेळ घालवत नाही. १० अक्षरं, मान्य. पण बाजारात बिलबुकावर सहीखाली छापलेलं असतं ना, प्रोप्रायटर, ते पण १० अक्षरांचं आणि पूर्ण वरच्या ओळीतलं. रेपर्टवार पण १० च. रप्चरवर्ट नावाची एक वनस्पती आहे तिची ११ होतात, म्हणजे टाइपरायटरचा पहिला नंबर गेलाच.

तिसरा दावा अर्धा खरा आहे आणि म्हणूनच जास्त डोक्यात जातो. शब्द आहे, ४५ अक्षरांचा आहे, ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत पण आहे. पण तो डॉक्टरांनी काढलेला नाही. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीगचा अध्यक्ष एव्हरेट स्मिथ याने तो मुद्दाम लांबच लांब शब्द हवा म्हणून जुळवला, कोडी घालणाऱ्यांचा अध्यक्षच तो, दुसरं काय करणार. सिलिकाच्या बारीक धुळीने फुफ्फुसाला होणारा आजार खरा आहे, दगड फोडणाऱ्यांना, खाणीतल्या कामगारांना होतो, पण डॉक्टर कागदावर लिहितात सिलिकोसिस. ९ अक्षरं.

राहिला ‘सी’. मेसेजमधली सुरुवात बरोबर आहे, १ ते ९९ मध्ये ए, बी, सी, डी यातलं एकही अक्षर येत नाही, आणि ‘डी’ पहिल्यांदा हंड्रेडमध्ये येतो. पुढे मात्र म्हणतात की ‘ए’ थेट थाउजंडमध्ये. अहो, आपल्या शाळेत १०१ कसं लिहायला शिकवलं? वन हंड्रेड अँड वन. ‘अँड’मध्ये ‘ए’ नाही काय? कोकण रेल्वेची लांबी ७४१ किलोमीटर इंग्रजीत लिहा, सेव्हन हंड्रेड अँड फॉर्टी वन, हजारापर्यंत जायची गरजच नाही. अमेरिकन लोक ‘अँड’ गाळतात, त्यांच्या हिशोबाने दावा टिकतो, पण मग तसं लिहा की. आणि ‘सी’ कुठेच नाही म्हणे! क्रोर काय आहे मग? सी-आर-ओ-आर-ई, इंग्रजी डिक्शनरीत आहे, बँकेच्या चेकवर चालतो, आणि आंब्याच्या बागांचे सौदे आता त्यातच बोलतात. मिलियन-बिलियन मोजायचा हट्टच असेल तरी ऑक्टिलियनला, म्हणजे एकावर २७ शून्यं, ‘सी’ येतोच. उलट ‘के’ बघा, त्यांच्या मिलियन-बिलियनच्या माळेत तो मला कुठे दिसत नाही, आपल्या लाखमध्ये मात्र आहे.

ज्यांच्याकडे कॉम्प्युटर आहे त्यांनी माझ्यावर पण विश्वास ठेवू नका. इंग्रजी शब्दांची साधी यादी डाउनलोड करा आणि ग्रेप नावाची कमांड पाच वेळा लावा, आधी ‘ए’ असलेले शब्द, त्यातून ‘ई’ असलेले, असं गाळत जा, काही सेकंदांत भलीमोठी यादी समोर येते. फक्त यादी कुठली घेतली ते सांगा, कारण एका यादीतला सगळ्यात लांब शब्द दुसरीत नसतोच कधीकधी.

आणि मंडळाला प्रश्न ठेवायचाच असेल तर ‘एकमेव’ काढून असा ठेवा: पाचही स्वर प्रत्येकी एकदाच, आणि बरोबर उलट्या क्रमाने, यू, ओ, आय, ई, ए, असा एखादा शब्द सांगा. सबकॉन्टिनेंटल चालेल, पण दुसरा कोणी सांगितला तर त्यालाही मार्क द्या.