हिरवा ठिपका आणि तीन शिट्ट्या

माझ्या टीममध्ये सात माणसं आहेत आणि त्यातल्या पाच जणांची उंची मला ठाऊक नाही. कॅमेऱ्यात सगळे खांद्यापर्यंतच दिसतात. बंगळुरूचा एक जण दिवाळीत घरी भेटायला आला, तेव्हा दार उघडून मी त्याच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाशी बोललो.

मार्च २०२० मध्ये ‘पंधरा-वीस दिवसांचा तर प्रश्न आहे’ म्हणून खराडीच्या ऑफिसातून लॅपटॉप उचलून आणला. तो आजतागायत सिंहगड रोडवरच्या फ्लॅटमध्ये, कपाट आणि इस्त्रीचं टेबल यांच्या बेचक्यात आहे. तिथे बसून मी नागपूर, जळगाव, सावंतवाडी, बंगळुरू, वॉर्सा आणि न्यू जर्सी सांभाळतो. आई शेजारणींना सांगते, “हल्ली घरीच असतो,” आणि पुढे असा सुस्कारा टाकते, की ऐकणारीला वाटावं मला नारळ मिळाला.

रोजची मीटिंग न्यू जर्सीच्या सकाळी नऊला बांधलेली. हिवाळ्यात आमच्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिका घड्याळ तासभर पुढे करते, की ती साडेसहावर येते. युरोप मात्र त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत थांबतो. त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे वॉर्साची मुलगी तीनऐवजी दोन वाजता, तोंडात घास घेऊन हजर होते. हे आईला समजावून सांगितलं, तर म्हणाली, “ते घड्याळं फिरवतात आणि तुम्ही सगळे नुसते बघत बसता?”

साडेसहा असो की साडेसात, आमच्याकडे तेव्हा कुकर चढलेला असतो. शिट्ट्या मोजायचं काम माझ्याकडे, कारण आईच्या मते मी नुसता बोलत असतो, कान रिकामेच असतात. एकदा क्लायंटला मोठा आकडा समजावून सांगत असताना आतून आवाज आला, “किती झाल्या रे?” माझा माइक चालू. मी गप्प. आणि वॉर्साहून शांतपणे उत्तर आलं, “थ्री.” तिला मराठीचं अक्षर येत नाही. पण तिसऱ्या शिट्टीनंतर टीम लीड उठून जातो आणि मिनिटभराने परत येतो, एवढं तिने ताडलं होतं.

१९७३ साली जॅक निलेस नावाच्या अमेरिकन माणसाने घरून काम करण्याच्या या प्रकाराला ‘टेलिकम्युटिंग’ असं नाव दिलं. माणसांनी कामाकडे जाण्याऐवजी काम माणसांकडे यावं, अशी त्याची कल्पना. ते आलंच. पण कामाबरोबर साहेबाचा संशयही तारेतून घरी येईल, याचा अंदाज त्याला होता का कोण जाणे!

संशयी साहेब म्हणजे अर्थातच मी. ऑफिसात मान वर केली की टीम दिसायची. घरी दिसतो तो नावापुढचा हिरवा ठिपका. थोडा वेळ माउसला हात लागला नाही, की तो विझतो. पहिलं वर्षभर मी काम कमी आणि ठिपकेच जास्त पाहिले. जळगाववाला तीन ते साडेतीन विझायचा. नागपूरकराचा ठिपका मात्र देवघरातल्या समईसारखा अखंड. मी सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं, शिफारसही पाठवली. पुढे त्यानेच भोळेपणाने सांगितलं, की माउस सेकंदकाट्याच्या घड्याळावर ठेवला की काट्याच्या हालचालीने तो जागा राहतो. घड्याळ लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. “पण सर, काम तं होऊन राहिलं न!” काम खरंच होत होतं, हीच तर पंचाईत. रागवायचं कशावर?

मग रागावलो सावंतवाडीकरावर. तो कायमच विझलेला. “सर, हय रेंज गावणा नाय” हे त्याचं मीटिंगमधलं सर्वांत लांब भाषण. पावसाळ्यात तर तेवढंही नाही. मात्र काजूच्या बागेच्या टोकाला जेव्हा केव्हा रेंज यायची, तेव्हा तो ‘काय ठरलं’ नावाच्या एका सामायिक फाइलमध्ये चार ओळी टाकायचा: काय ठरलं, का ठरलं, कोण करणार, अडलं तर कुणाला विचारायचं. शेवटच्या रकान्यात माझं नाव फारसं नसायचं. ही फाइल मी सहा महिने उघडली नव्हती. तोंडाने सांगितलेलं सगळ्यांच्या लक्षात राहतं, असा माझा समज. वास्तविक माझ्याच बोलण्याचं मला दुसऱ्या दिवशी काही आठवत नसे आणि मी ते ठणकावून नव्याने सांगत असे, बहुतेक वेळा उलटं.

पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीचा वार. त्या गुरुवारी वीज पाचला येणार होती, आली नाही. इन्व्हर्टरने चारलाच मान टाकली, लॅपटॉपने साडेपाचला, आणि दिवसभर हॉटस्पॉट देऊन दमलेल्या फोनने सहाला. त्या रात्री सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन ग्राहकाकडे जायचं होतं. मी आठ मजले जिने उतरून गाडीत चार्जर लावला. तळघरातल्या पार्किंगमध्ये रेंज नाही, म्हणून गाडी बाहेर काढली आणि राजाराम पुलाच्या अलीकडे कोंडीत अडकलो. पुढे टेम्पो, मागे पीएमटी, उजवीकडे दुचाकीवर बसलेलं चार जणांचं कुटुंब माझ्याकडे कुतूहलाने बघतंय आणि मी फोनला म्हणतोय, “पेट रे बाबा, पेट.”

फोन पेटला तेव्हा साडेआठ वाजले होते. मीटिंग तासाभरापूर्वी आटोपलेली. थरथरत्या हाताने फाइल उघडली. व्हर्जन गेलं होतं. नागपूरने तपासलं, जळगावने चढवलं, न्यू जर्सीने ग्राहकाची होकाराची मेल जोडली. मी कुठे आहे, असं कुणीही कुठेही विचारलेलं नव्हतं. मागच्या पीएमटीने हॉर्न दिला तरी मी ती फाइल वरखाली करत राहिलो.

मग वॉर्साचा एक खासगी निरोप सापडला. आज शिट्ट्या ऐकू आल्या नाहीत, आई बऱ्या आहेत ना?