'मेडल' ही कुणाची रंगीत तालीम नाही

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडच्या 'मेडल'बद्दलचा एक मजकूर सध्या पुण्यातल्या रॉक ऐकणाऱ्यांमध्ये फिरतोय. त्याचं म्हणणं असं: १९७१चा हा अल्बम म्हणजे त्यांच्याच १९७३च्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या अल्बमची रंगीत तालीम, तो आपटला, गाणी सुचत नव्हती म्हणून बँडने 'एकोज' नावाच्या तेवीस मिनिटांच्या तुकड्याने रेकॉर्डची अख्खी एक बाजू भरून काढली. मी हा अल्बम कॉलेजपासून ऐकत आलोय, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी 'आपटला'. ब्रिटनमध्ये 'मेडल' तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. आदल्या वर्षीचा 'ॲटम हार्ट मदर' तर तिथे पहिला होता. अमेरिकेत 'मेडल' सत्तराव्याच्या वर चढला नाही, हे खरं. म्हणजे १९७३ साली फ्लॉइडने अमेरिका जिंकली. त्याआधी त्यांना कुणी विचारत नव्हतं असं नाही.

'सुचत नव्हतं' यात मात्र अर्धं तथ्य आहे, आणि तेच मला सगळ्यात सुंदर वाटतं. १९७१च्या सुरुवातीला बँडमधले चौघं रिकाम्या हातांनी स्टुडिओत शिरले. दुसऱ्याने काय वाजवलंय ते न ऐकता आपलं वाजवायचं, असले प्रयोग झाले. जमलेल्या तुकड्यांना नाव दिलं 'नथिंग', म्हणजे 'काहीच नाही', आणि पुढे नुसते आकडे. बहुतेक टाकून दिले. एक उरला. कीबोर्ड वाजवणाऱ्या रिचर्ड राइटने पियानोवर वरचा एकच सूर वाजवला आणि तो लेस्ली स्पीकरमधून बाहेर काढला. या स्पीकरच्या पेटीत भोंगा गरगर फिरत असतो, त्यामुळे सूर थरथरत, पाण्याखालून आल्यासारखा येतो. 'एकोज'चा पहिला टिंग तो हाच. हेडफोन लावून ऐका: एक टिंग, मग पोकळी, मग पुन्हा तोच.

त्या एका सुरावर तेवीस मिनिटं उभी राहतात. त्याला भरताड म्हणावं, तेही पुणेकराने? रमणबागेत सवाई गंधर्व महोत्सवाला एकेका रागासाठी तासभर मांडी घालून बसलेली माणसं आपण. विलंबितात गायक पुन्हा पुन्हा षड्जावर येतो, तेव्हा त्याला काही सुचत नाही असं आपण म्हणत नाही. शिवाय 'एकोज' एप्रिल १९७१पासून मंचावर वाजत होतं आणि अल्बम आला त्या वर्षाच्या शेवटी. मधे कित्येक महिने ते श्रोत्यांसमोर घासलं गेलं. मधल्या भयाण भागात पक्षी किंचाळतात, ती डेव्हिड गिल्मरची गिटार आहे, पायाने दाबून आवाज बदलायचा वा-वा पेडल उलटा जोडलेला. मग त्या काळोखातून ऑर्गन हळूहळू वर येतो, टिंग परततो, आणि मला दर वेळी समेवर आल्यासारखं होतं.

त्या मजकुरात 'शेमस' या गाण्यातल्या कुत्र्याच्या रडण्यालाही नावं ठेवलीयत. ते मलाही आवडत नाही. तेवढा मुद्दा मान्य.

आता तालमीचं. 'डार्क साइड'मध्ये एक ठरलेला विषय आहे आणि शब्द सगळे रॉजर वॉटर्सचे. पुढे बँडची दिशा अधिकाधिक त्याच्या लेखणीने ठरत गेली. 'मेडल'मध्ये विषयच नाही. त्यातल्या 'वन ऑफ दीज डेज' आणि 'एकोज' या दोन्ही रचनांचं श्रेय चौघांच्या नावावर आहे, आणि ते कानालाही कळतं. कुणीच पुढारी नसताना चार माणसं एकमेकांना ऐकत वाजवतायत, हे पुढच्या गाजलेल्या अल्बममध्ये मला इतकं ठळक कुठेच ऐकू येत नाही. ज्याची तालीम म्हणताय, ती गोष्ट पुढे त्यांनी केलीच नाही. पहिल्या बाजूचं 'वन ऑफ दीज डेज' लावा. एरवी गिटार धरणारा गिल्मर इथे वॉटर्सच्या जोडीला बास गिटार वाजवतो. दोन्ही बास प्रतिध्वनी काढणाऱ्या एको यंत्रातून घोड्याच्या टापांसारखे धावतात, एक या कानात, दुसरा त्या कानात. एकाच्या तारा जुन्या, मंद झालेल्या. कुठल्या, ते नीट ऐकलं की कळतं.