बैल सापडायच्या आत सिनेमा बंद

चार दिवस झाले, तरी डोकं अजून भणाणलेलंच आहे.

पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीत गणपतीत एका रात्री पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढून पडदा लावतात आणि मराठी सिनेमा दाखवतात. गेली सहा वर्षं एकच सिनेमा, 'अशी ही बनवाबनवी'. यंदा मी आणि बी विंगमधल्या दोघींनी महिनाभर आधी मीटिंगमध्ये विषय काढला. हात वर करून मतं घेतली. १३ विरुद्ध ९ झाली आणि 'वळू' ठरला. रीतसर ठरला, जिन्याखालच्या फळ्यावर खडूनं लिहिलाही गेला.

आणि वीस मिनिटांत बंद केला.

कसा बंद केला तेही सांगते. फॉरेस्टचा साहेब, म्हणजे अतुल कुलकर्णी, मोकाट सुटलेल्या डुरक्या बैलाला पकडायला गावात आलाय. जो तो आपापल्या तक्रारी घेऊन त्याच्यापुढे उभा राहतोय आणि गावातलं जे काही बिघडलंय ते सगळं त्या मुक्या जनावराच्या नावावर खपवतोय. तेवढ्यात मागच्या रांगेतून सुरू झालं, "अहो, कॉमेडी कधी सुरू होणार?" दुसरा म्हणाला, "ही डॉक्युमेंटरी आहे वाटतं." मग एक शिट्टी. मग आमच्या कमिटीतले एक काका उठले, लॅपटॉपपाशी गेले आणि कुणाला एका शब्दानं न विचारता त्यांनी सिनेमा थांबवला. पडद्यावर मोठ्ठा त्यांच्या नातवाचा फोटो आला, त्यावर फायलींची चित्रं, आणि बाण थेट 'बनवाबनवी'वर. फाइल आधीच आणून ठेवलेली! म्हणजे घरून निघतानाच ठरवून आले होते. तिथे माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

माझ्या शेजारच्या खुर्चीत ए विंगमधल्या आजी होत्या. ऐंशीच्या पुढच्या, माहेर साताऱ्याकडच्या खेड्यातलं. त्या हसत होत्या. खो खो नव्हे, पदर तोंडाला लावून, नुसते खांदे हलत होते. "आमच्याकडं पण होता गं असला एक," असं मला दोनदा सांगून झालं होतं. फोटो आला तसा त्यांनी पदर खाली घेतला आणि विचारलं, "संपला एवढ्यात?"

हे हसणं त्या मागच्या रांगेला ऐकूच येत नाही. त्यांच्या लेखी आवाज झाला तरच हसू. मांडीवर थाप पडली पाहिजे, शेजाऱ्याला कोपर मारलं पाहिजे, नाहीतर तो विनोदच नाही! आणि वर मला ऐकवायचं, "तुला ते शहाण्या लोकांचे सिनेमे आवडतात." कसले शहाणे? गावचा सरपंच, त्याच्याशी खुन्नस धरून बसलेला आबा, आणि साहेबाच्या पुढेमागे धावणारा गिरीश कुलकर्णीचा जीवन. यात न कळण्यासारखं काय आहे? आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये दर महिन्याला हेच चालतं. पाण्याच्या टाकीपासून लिफ्टपर्यंत सगळ्याचा दोष एका वॉचमनवर ढकलतो आपण!

आता कुणी म्हणेल, हिला 'बनवाबनवी' आवडत नाही. मला तो पाठ आहे. १९८८ साली तो आला तेव्हा मी सातवीत होते, बाबांनी आम्हा तिघा भावंडांना नेलं होतं आणि घरी येईपर्यंत आम्ही हसत होतो. मला राग याचा आहे की त्याचे हे भक्त तो बघतच नाहीत. वाक्य पडद्यावर यायच्या आधी पन्नास तोंडांतून बाहेर पडतं. घरमालक सरपोतदारांना त्यांच्या सत्तर रुपयांचा हिशेब देताना अशोक सराफांचा चेहरा कधी नीट बघितलाय का? एक रेष हलत नाही. सांत्वनाला आल्यासारखा गंभीर, शांत चेहरा. आणि समोर सुधीर जोशी, पैसे बुडाल्याचं कळत जाणं त्यांच्या चेहऱ्यावर किती हळूहळू उतरतं! सगळी गंमत त्या थांबण्यात आहे, आणि नेमकं त्या थांबण्यातच तुम्ही ओरडता. ज्या अशोक सराफांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली म्हणून ग्रुपवर फुलं टाकलीत, त्यांचं काम तुम्ही सहा वर्षं स्वतःच्या आवाजाखाली दाबताय.

लक्ष्मीकांत बेर्डेंचंही तेच. त्यांची पार्वती लुगडं नेसली म्हणून हसू येत नाही. पुरुष असल्याचं उघड व्हायची भीती त्यांच्या डोळ्यांत सतत असते, म्हणून येतं. ते न बघता टीव्हीवर एखाद्या नटानं नुसती साडी गुंडाळून हेल काढला की तेवढ्यालाच टाळ्या. दोन्ही एकच वाटतं तुम्हाला?

घरीही सुटका नाही. माझे दीर मोठ्या प्रेमानं म्हणतात, "वहिनी, तुमची टेस्ट जरा वेगळीच आहे हं." वेगळीच! तो 'च' मला टोचतो. 'नारबाची वाडी' मी सगळ्यांसोबत लावला होता. दिलीप प्रभावळकरांचा नारबा, त्याची वाडी हडपायला टपलेला खोत, आणि म्हातारा काही केल्या मरत नाही. सासूबाई रंगून गेल्या होत्या. दीर मात्र दर दहा मिनिटांनी मोबाइल काढून बघत होते आणि शेवटी म्हणाले, "डोकं बाजूला ठेवून बघायचं काहीतरी लाव ना." २०२३ मध्ये 'वाळवी' थिएटरात बघताना तेच. बायकोच्या खुनाचा बेत आखलाय, तो फसत फसत कुठल्या कुठे चाललाय, मी श्वास रोखून बसलेय, आणि मागे एकजण बायकोला विचारतोय, "यात हसायचं कुठे?" कुठे हसायचं ते दुसऱ्यानं सांगायचं असतं का?

'डोकं बाजूला ठेवून' हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा काढलं त्याचा मला भयंकर राग आहे. विनोदाला डोकंच लागतं! एका वेळी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात, तेव्हा कुठे तिसरीला हसू फुटतं.

आणि यांना तरी सगळं चालतं का? चार वर्षांपूर्वी कुणीतरी दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'चं नाव सुचवलं, तर याच काकांनी "बायकामुलं असतात" म्हणून एका वाक्यात उडवलं. म्हणजे दादा चावट, 'वळू' कंटाळवाणा, 'वाळवी' विचित्र. उरलं काय? यांना वर्षानुवर्षं पाठ असलेलं तेवढंच.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये काका भेटले. हातात भाजीची पिशवी. म्हणाले, "अगं, लोकांना बोअर होत होतं. मनाला लावून घेऊ नकोस." हात वर करणारी तेरा माणसं लोक नव्हती का? आजी लोक नव्हेत? मी सरळ सांगितलं, "काका, मी लावून घेतलंय." तळमजला येईपर्यंत ते आकड्यांकडे बघत राहिले.

पुढच्या मीटिंगला लेखी अर्ज देणार आहे. ठरलेला सिनेमा, ठरल्याप्रमाणे, शेवटपर्यंत. मध्ये लॅपटॉपला कुणी हात लावायचा नाही. काल संध्याकाळी आजी खाली बाकावर बसल्या होत्या. हात धरून मला खाली बसवलं आणि विचारलं, "त्या बैलाचं पुढं काय झालं गं?" मी सांगितलं नाही. त्यांनी तो पडद्यावरच बघायचाय.