‘चार दिवस कोणी फिरकलं नाही’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

आमच्याकडून घेतलेल्या २०० लिटरच्या डीप फ्रीझरबद्दलचा तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. कोळंबी आणि बांगडे मिळून दहा-बारा किलो माल टाकावा लागला, याचं वाईट वाटलं. १ जूनला मासेमारी बंद व्हायच्या तोंडावर मासळी काय भावाने मिळते हे रत्नागिरीत कोणाला सांगायला नको. दुकानातर्फे मनापासून माफी मागतो. डिलिव्हरीच्या मुलांनी फ्रीझर ठेवला, सही घेतली आणि निघून आले. प्लग किती वेळाने लावायचा आणि माल कधी, किती भरायचा, या दोन गोष्टी सांगायला हव्या होत्या त्या सांगितल्या नाहीत. ही चूक आमचीच.

पण "चार दिवस कोणी फिरकलं नाही" हे मान्य नाही. तुमचा फोन शनिवारी रात्री ८.३० ला आला. रविवारी सर्व्हिस बंद असते, बिलाच्या मागे तसं छापलेलं आहे. सोमवारी सकाळी ११ ला टेक्निशियन तुमच्या पडवीत हजर होता. हे होतात साडेअडतीस तास. तुम्ही गुरुवारपासून, म्हणजे फ्रीझर घरी आला तेव्हापासून मोजलंत. मग त्या चार दिवसांत काय काय झालं तेही लिहितो, कारण इतर लोकही हे वाचणार.

गुरुवारी संध्याकाळी ५ ला फ्रीझर पोचला. टेम्पोत हेलकावे खाऊन आलेला डीप फ्रीझर जागेवर ठेवल्यावर निदान ४ तास तरी बंद ठेवावा लागतो. कॉम्प्रेसरमधलं तेल पाइपात चढलेलं असतं, ते खाली उतरलं पाहिजे. त्यानंतर रिकामाच चालू करून रात्रभर चालवायचा आणि आत उणे १८ आले की मग माल भरायचा. तुम्ही ७ ला प्लग लावलात आणि लगेच ४० किलो मासळी ओल्या पिशव्यांतून एकावर एक रचलीत. हे तुमच्याच मिस्टरांनी टेक्निशियनला सांगितलं, आम्ही मनाचं लिहीत नाही.

डीप फ्रीझर हा गोठलेला माल गोठलेला ठेवण्यासाठी असतो. ताजा माल तो गोठवतो, पण दिवसाला थोडाच. २०० लिटरच्या फ्रीझरने २४ तासांत ८ ते १० किलो गोठवले तर तो चांगला चालला म्हणायचं. ३० अंशांची एक किलो मासळी उणे १८ पर्यंत न्यायला साधारण ३९० किलोज्यूल उष्णता काढावी लागते, आणि त्यातली बहुतेक मासळीतल्या पाण्याचा बर्फ होताना जाते. एक युनिट वीज म्हणजे ३६०० किलोज्यूल, तर ४० किलोची झाली सव्वाचार युनिटच्या वर. झाकणातून, भिंतींतून जी गरमी आत येते ती वजा करता एवढ्या फ्रीझरला मालातली उष्णता ओढायला ८० वॅटच्या आसपास ताकद उरते. भागाकार केला तर ५४ तास येतात, हाही कागदावरचा कमीत कमी; रोजच्या ८-१० किलोंच्या हिशेबाने तर चार-पाच दिवस. म्हणजे सगळं यथास्थित असतं तरी शनिवारची मध्यरात्र उलटून गेली असती. ढिगाच्या मधोमध असलेल्या कोळंबी-बांगड्यांना तर थंडी सगळ्यात शेवटी पोचते, आणि तुमचे नेमके तेच गेले.

"लहान फ्रीझर गळ्यात मारला" असंही लिहिलंय. माणशी ४० ते ५० लिटर धरतात, तुम्ही घरात चौघं. पाकिटात भरलेली किलोभर मासळी दीड ते दोन लिटर जागा घेते, म्हणजे ४० किलोला फार तर ८० लिटर. वर आमरसाच्या ३० पिशव्या ठेवल्या तरी जागा उरते. साइझ बरोबरच आहे. जागा आणि गोठवायची ताकद या वेगळ्या गोष्टी आहेत. ३०० लिटरचा दिला असता तरी ४० किलो एका रात्रीत गोठले नसते, आणि एरवी अर्धा रिकामा फ्रीझर चालवायचं बिल तुम्हालाच आलं असतं. (काचेच्या झाकणाचा हवा होता तुम्हाला, तो आम्हीच नको म्हटलं. आइस्क्रीम विकणाऱ्याला तो ठीक, घरी काचेतून थंडी जाते.)

आता "दोन्ही बाजू भाजतात, जुना रिपेअर केलेला माल दिला" हे. ताई, हे वाचून सगळ्यात जास्त लागलं. या प्रकारच्या फ्रीझरला मागे जाळी नसते. गरम पाइप बाहेरच्या पत्र्याच्या आतून फिरवलेला असतो, म्हणून बाजू तापतात. कॉम्प्रेसर चालू आहे आणि बाजू थंडगार आहेत, तर काळजी करायची. सील तुमच्यासमोर फोडलं, सिरीयल नंबर बिलावर आहे, तो पाहून कंपनीच्या कस्टमर केअरला विचारा.

सोमवारी काय दिसलं ते तर रिव्ह्यूत आलंच नाही. फ्रीझर जिन्याखाली, डावी बाजू भिंतीला दोन बोटांवर, उजव्या बाजूला तांदळाची गोणी टेकवलेली. निदान चार इंच मोकळी जागा लागते, नाहीतर ती गरमी जाणार कुठे? प्लग पातळ वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डात होता. मीटर लावला तर व्होल्टेज २०५, आणि कॉम्प्रेसर उठताना १६८. तो जो टक-टक आवाज तुम्हाला यायचा, तो ओव्हरलोडचा, म्हणजे जास्त करंट ओढला की कॉम्प्रेसर आपोआप बंद करणाऱ्या स्विचचा. ओव्हरलोड गार व्हायला काही मिनिटं जातात, तेवढा वेळ कूलिंग बंद. झाकणाच्या मागच्या कोपऱ्यात गॅस्केटमध्ये, म्हणजे कडेच्या रबरात, पिशवीचा कान अडकलेला, तिथे अंगठ्याएवढा बर्फ. दहाची नोट झाकणात धरून ओढली तर त्या कोपऱ्यातून सहज सुटत होती, बाकी सगळीकडे घट्ट.

गॅस कमी आहे का तेही तपासलं. गॅस गेला असता तर करंट कमी दिसला असता आणि आतल्या भिंतींवर अर्ध्याच भागात बर्फ धरला असता. तुमच्याकडे चारही बाजूंना सारखा होता. पाकिटांच्या मध्ये थर्मामीटर खुपसला, उणे ११. फ्रीझर बाहेर ओढला, गोणी हलवली, गॅस्केटला गरम पाण्याचं फडकं लावून सरळ केलं, प्लग भिंतीतल्या १५ अँपिअरच्या सॉकेटला दिला. मंगळवारी संध्याकाळी तुम्हीच फोनवर उणे १९ सांगितलंत. एकही पार्ट बदललेला नाही. आणि रिव्ह्यू बुधवारचा आहे, ताई!

पुढच्या वेळी मासळी साफ करून, पाणी निथळून, अर्ध्या किलोची चपटी पाकिटं करा. आदल्या रात्री नॉब फुल करा. रोज ८-१० किलो, तीही भिंतींना चिकटवून एकेरी रांगेत, कारण थंड पाइप भिंतीत आहे. गोठलं की मधे सरकवा. बाकीची तोवर थर्माकोलच्या पेटीत बर्फावर, किलोला किलो बर्फ. लाइट गेली तर झाकण अजिबात उघडू नका, भरलेला फ्रीझर दिवसभर तरी धरतो. बर्फ पाव इंचाच्या वर गेला की बंद करून वितळू द्या. सुरीने खरवडू नका, पाइपला भोक पडलं तर ते वॉरंटीत बसत नाही. व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझर घ्याच. आमच्याकडूनच घ्या असं नाही.

टेक्निशियनने घेतलेले व्हिजिटचे ३५० रुपये दोष नसताना लागतात, तरी ते आम्ही परत देतो, बिल घेऊन या. यापुढे झाकणावर मराठीत सूचना चिकटवायचा विचार आहे, मुलांनाही समज दिली आहे. रविवारी फोन उचलायला कोणी ठेवता येतं का तेही बघतो.

स्टार तुम्हाला वाटतील तेवढे द्या. फक्त ते ‘चार दिवस’ तेवढं दुरुस्त करता आलं तर बघा.